थेंब नाकात, सायनस मात्र बंदच
नासामार्गे द्यावयाच्या औषधांच्या पद्धतींचा विचार

गेल्या भाद्रपदात आमच्या चिकित्सालयात एक माध्यमिक शिक्षक आले. वय सत्तेचाळीस. उजव्या गालात व भुवईवर जडपणा, पुढे वाकले की तो वाढणे, नाकातून घट्ट पिवळा स्राव, अशी तक्रार. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली : नाक मोकळे करणाऱ्या झायलोमेटॅझोलिनच्या थेंबांची बाटली, सहा महिन्यांपूर्वी आम्हीच दिलेले अणुतैल, वाफाऱ्याच्या पाण्यात टाकावयाच्या कॅप्सूल आणि सर्दीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. "नाक मोकळं होतं हो डॉक्टर, पण डोकं काही उतरत नाही," असे त्यांचे म्हणणे.

थेंब कसे घालता ते करून दाखवा, असे आम्ही त्यांना सांगितले. उभ्या उभ्याच त्यांनी मान थोडी मागे टाकली, दोन थेंब सोडले, जोराने हुंगले आणि आवंढा गिळला. अणुतैलही याच रीतीने चालू होते. आमचा जुना कागद त्यांच्यापाशी होता. त्यावर आमच्याच अक्षरात 'अणुतैल २-२ थेंब, सकाळ-सायंकाळ' एवढेच लिहिलेले होते. कसे घालावे हे आम्ही लिहिले नव्हते, आणि तोंडी सांगितल्याचेही स्मरेना.

प्रतिश्याय व दुष्ट प्रतिश्यायाचे रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाकडे रोज येतात. द्रव्य कोणते द्यावे याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ते द्रव्य नाकात नेमके कोठे जाऊन पडते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. वरील रुग्णाचे वाक्य या दृष्टीने फार बोलके आहे. नाक मोकळे होणे आणि सायनसचे मुख उघडणे या दोन भिन्न घटना आहेत, आणि पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच असे समजणे हीच या व्याधीच्या चिकित्सेतील मोठी फसगत होय.

याचे कारण रचनेत आहे. गालाच्या अस्थीतील सायनस प्रौढ व्यक्तीत साधारण १५ मिलिलिटर मावेल एवढा असतो, परंतु त्याचे मुख अवघे दोन ते चार मिलिमीटरचे, आणि तेही तळाशी नसून आतील भिंतीवर, उंचावर असते. तळघराचा निचरा छतालगतच्या झरोक्यातून व्हावा, तसा हा प्रकार आहे. स्राव वर चढविण्याचे काम सिलिया नावाचे सूक्ष्म रोम करतात. ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की, सायनसमधील श्लेष्मा ठरावीक वाटांनी नैसर्गिक मुखाकडेच जातो. दुसरीकडे छिद्र पाडले तरी त्याला वळसा घालून तो मूळ मुखच गाठतो. हे मुख, तसेच कपाळाच्या व पुढील इथमॉइड सायनसांची मुखे, मधल्या नासाशुक्तिकेच्या आड असलेल्या अरुंद मार्गात उघडतात. नाकाच्या तळाशी, खालच्या शुक्तिकेखाली, केवळ अश्रुमार्ग उघडतो. म्हणजे उभ्याने घातलेला थेंब ज्या वाटेने घशात उतरतो, त्या वाटेवर एकाही सायनसचे दार नाही.

आता नाक मोकळे करणाऱ्या द्रव्यांकडे वळू. ऑक्सिमेटॅझोलिन, झायलोमेटॅझोलिन ही द्रव्ये आपल्या शास्त्रातील नव्हेत. परंतु रुग्ण ती वापरूनच आपल्याकडे येतो आणि आपल्या सभासदांच्या अनेक औषधालयांत ती ठेवलेली असतात, म्हणून त्यांचे कार्य जाणणे आवश्यक आहे. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांचे आकुंचन करतात. खालच्या शुक्तिकेत रक्ताने फुगणाऱ्या शिरांचे स्पंजासारखे जाळे असते. औषधाचा स्पर्श होताच ते आकसते आणि काही मिनिटांत श्वास मोकळा वाहू लागतो. सायनसचे आतील अस्तर मात्र अतिशय पातळ असून त्यात असे जाळे जवळजवळ नसते. तेथील सूज ही रक्त साचल्याची नसून शोथजन्य द्रवाची असते. सबब औषध तेथवर पोहोचले तरी शुक्तिकेवर दिसते तसे नाट्यमय आकुंचन तेथे दिसत नाही. मुखाबाहेरील अरुंद मार्गातील सूज थोडी उतरून निचऱ्यास वाव मिळावा, एवढीच अपेक्षा धरणे योग्य. आणि तीही औषध त्या मार्गापर्यंत गेले तरच. युरोपीय नासारोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही जुनाट सायनसशोथात ही द्रव्ये सरसकट देऊ नयेत, नाक फारच चोंदले असता इतर चिकित्सेच्या जोडीने थोडे दिवस विचार करावा, असे मत आहे.

फसगतीचे दुसरे कारण आपल्या घरातील आहे, आणि ते मान्य करण्यास संकोच नसावा. पुदिन्याचे फूल, निलगिरी, कापूर यांचा वास घेताच नाक सुटल्यासारखे वाटते. मेंथॉल नाकातील शीतस्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंना उद्दीपित करते. त्यामुळे हवा अधिक वाहत असल्याची जाणीव होते. प्रत्यक्षात हवेला होणारा अडथळा मोजून पाहिला असता तो बदललेला नसतो. रुग्णाला बरे वाटते ही गोष्ट तुच्छ नव्हे, परंतु मलम किंवा कॅप्सूल विकताना 'याने सायनस उघडतो' असे सांगणे सत्यास धरून नाही. वाफाऱ्याचेही बरेचसे असेच. वाफेने घट्ट स्राव सैल होतो, चेहऱ्यास स्वेदन मिळते आणि नस्याचे पूर्वकर्म म्हणून त्याचे स्थान निर्विवाद आहे. पण साध्या सर्दीत वाफेच्या उपयोगावर झालेल्या परीक्षणांच्या एकत्रित आढाव्यात निश्चित लाभ सिद्ध झालेला नाही. २०२०-२१ च्या करोनाकाळात दिवसातून पाच-सहा वेळा वाफ घेऊन नाकाचे अस्तर कोरडे करून घेतलेले रुग्ण आम्ही पाहिले. लहान मुलाला उकळत्या पातेल्यासमोर टॉवेलखाली बसविणे तर कधीही करू नये. पातेले कलंडून भाजल्याच्या घटना थोड्या नाहीत.

मग औषध मध्य मार्गापर्यंत न्यावे कसे? येथे आपल्या आचार्यांची दृष्टी किती सूक्ष्म होती हे ध्यानात येते. चरकाचार्यांनी नस्याचे नावन, अवपीड, ध्मापन, धूम व प्रतिमर्श असे प्रकार केले. या विभागणीत द्रव्याच्या गुणांइतकेच ते नाकात कसे शिरते यालाही महत्त्व आहे : ओतून, पिळून, फुंकून, धुराने की बोटाने. चूर्ण फुंकण्यासाठी सहा अंगुळे लांबीची, दोन्ही टोके उघडी असलेली नळी वाग्भटांनी सांगितली आहे. शयनविधीही तितकाच काटेकोर आहे. रुग्ण उताणा, पाय किंचित उंच, डोके किंचित खाली, डोळे झाकलेले, औषध कोमट, एक नाकपुडी बंद करून दुसरीत प्रणाडीने वा पिचूने औषध सोडावयाचे, घशात उतरलेले न गिळता दोन्ही बाजूंस थुंकावयाचे. डोके पुरेसे खाली नसेल तर औषध शिरात पोहोचत नाही आणि फारच खाली असेल तर अपाय करते, हा इशाराही चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात आहे. मान मागे टाकून उभ्याने थेंब घालणाऱ्या रुग्णाचे वर्णन जणू त्यात आधीच केलेले आहे.

येथे एक सावधगिरी. शृंगाटक मर्म म्हणजेच सायनस, असे समीकरण मांडण्याचा मोह अनेक व्याख्यानांत दिसतो. आम्हास ते घाईचे वाटते. शयनविधीचे मोल सिद्ध होण्यासाठी अशा समीकरणाची गरज नाही. गुरुत्वाकर्षण पुरेसे आहे.

गेल्या शतकात पाश्चात्त्य वैद्यकही याच वाटेने गेले. अमेरिकेतील सेंट लुइस येथील आर्थर प्रोएट्झ यांनी १९२० च्या दशकात एक पद्धत रूढ केली. रुग्णाला उताणे निजवून मान इतकी लोंबती ठेवावयाची की हनुवटी व कानाचे छिद्र एका उभ्या रेषेत यावे; नाक एफेड्रिनयुक्त लवणजलाने भरावयाचे; रुग्णाने 'क-क-क' म्हणत राहावयाचे, म्हणजे टाळूचा मागील पडदा वर जाऊन घसा बंद होतो; आणि त्याच वेळी नाकपुडीतून थांबून थांबून हवा ओढावयाची. सायनसमधील हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि तिच्या जागी द्रव आत शिरतो. औषध सायनसमध्ये प्रत्यक्ष नेण्याची ही विचारपूर्वक योजलेली रीत होती, आणि तिचा पाया उताणे शरीर व खाली गेलेले डोके हाच होता. (एफेड्रिन हे मूळचे एफेड्रा या वनस्पतीतील द्रव्य. तिची हिमालयीन जात आपल्याकडे 'सोम' म्हणून विकली जाते, हे औषधालयवाल्यांना ठाऊक असेलच. वेदांतील सोम तीच काय, हा वाद निराळा.) पुढे १९४० च्या दशकात इंग्लंडमधील मॉफेट यांनी भूल देण्याच्या द्रवासाठी अशाच डोके खाली ठेवण्याच्या शरीरस्थिती वर्णिल्या.

रंगीत थेंब घालून दुर्बिणीने पाहण्याचे प्रयोगही पुष्कळ झाले आहेत. त्यांत पूर्ण एकवाक्यता नाही आणि प्रत्येकाचे नाक निराळे असते. मध्यपडदा वाकडा असेल तर सगळीच गणिते बदलतात. तरीही डोके खाली असलेल्या स्थिती बसून वा उभ्याने थेंब घालण्यापेक्षा सरस, हा कल स्पष्ट दिसतो. आम्ही आता पुढील रीत शिकवितो. रुग्णाने पलंगावर निजून खांद्याखाली उशी घ्यावी, म्हणजे डोके मागे झुकते. ज्या बाजूचा सायनस भरलेला त्या बाजूस मान वळवावी किंवा त्या कुशीवर व्हावे. असे केल्याने नाकाची बाहेरील भिंत, म्हणजे जिच्यावर सायनसची दारे आहेत ती, खाली येते. थेंब सोडून निदान दोन मिनिटे तसेच राहावे. हुंगू नये. मानेच्या मणक्यांचा विकार, चक्कर किंवा अति रक्तदाब असलेल्यांना मान लोंबविण्यास सांगू नये, त्यांना कुशीवरची स्थितीच पुरे. आकुंचक थेंब चालू असतील तर एक थेंब घालून पाच ते दहा मिनिटे थांबावे आणि मग दुसरा घालावा : पहिला पुढचा अडथळा दूर करतो, दुसऱ्याला आतली वाट मिळते. एकूण मात्रा तेवढीच राहते, काम अधिक होते.

फवाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. तो डोके मागे टाकून घ्यावयाचा नसतो. मान किंचित पुढे झुकवून, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात व डावीसाठी उजवा वापरून, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोनाकडे रोखावे व हलकेच श्वास घ्यावा. सरळ हाताने मारलेला फवारा मध्यपडद्यावर आदळतो. तेथे खपली धरून रक्त येते. फवाऱ्याचा बराच भाग नाकाच्या पुढील अरुंद भागातच अडकतो, हेही खरे.

नेब्युलायझरच्या सूक्ष्म तुषारांबद्दल रुग्णांच्या फार अपेक्षा असतात. परंतु सायनसच्या मुखातून श्वासाची ये-जा जवळजवळ होत नाही, त्यामुळे तुषार बाहेरूनच वाहून जातात. हवेला कंप दिला तर मात्र देवाणघेवाण वाढते, आणि याच तत्त्वावर जर्मनीत कंपयुक्त तुषारयंत्रे तयार झाली. यासंबंधी स्टॉकहोम येथील वाइट्झबर्ग व लुंडबर्ग यांचे २००२ चे निरीक्षण आपल्याला विशेष रोचक आहे. सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. निरोगी व्यक्तींनी तोंड मिटून गुंजन करीत श्वास सोडला असता नाकातून येणारा हा वायू शांत उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट आढळला. भ्रामरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र मुख पूर्ण बंद असेल तर गुंजनाने ही वाढ दिसत नाही. सबब भ्रामरी ही उघड्या दारातून हवा खेळविते. बंद दार ती उघडते, असे म्हणण्यास या प्रयोगाचा आधार घेता येणार नाही.

जलनेतीत द्रव्याचे प्रमाण मोठे असते, हाच तिचा लाभ. शंभर मिलिलिटरहून अधिक कोमट लवणजल मध्य मार्गातील चिकट स्राव धुऊन काढते. शस्त्रक्रिया न झालेल्या सायनसच्या आत फारसे पाणी शिरत नाही. पण दारापुढचा कचरा निघाला तरी सिलियांचे काम हलके होते. अर्धा लिटर पाण्यास लहान चमचाभर मीठ पुरते. पाणी उकळून गार केलेलेच असावे, या बाबतीत तडजोड नको. अमेरिकेतील लुइझियाना येथे २०११ मध्ये नळाचे पाणी नेतीपात्रात वापरलेल्या दोन व्यक्ती नेग्लेरिया फाउलेरी या अमीबामुळे मेंदूज्वराने दगावल्या. केरळातही २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. नेतीपात्र विकणाऱ्या औषधालयाने एवढी सूचना चिठ्ठीवर छापून द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पोटातून घ्यावयाच्या गोळ्या रक्तावाटे सर्वत्र जातात, म्हणून त्या सायनसपर्यंत निश्चित पोहोचतील असे वाटते. स्यूडोएफेड्रिन काही अंशी काम करते, पण हृदयगती व रक्तदाबही वाढविते. अमेरिकेत त्याच्या विक्रीवर २००६ मध्ये निर्बंध आल्यावर अनेक गोळ्यांत त्याची जागा फिनाइलएफ्रिनने घेतली. हे द्रव्य आतड्यात व यकृतातच बहुतांशी निष्प्रभ होते. तेथील औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये, पोटातून दिलेले फिनाइलएफ्रिन नाक मोकळे करण्यास निरुपयोगी असल्याचा निर्वाळा एकमताने दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशासनाने ते वगळण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन व फिनाइलएफ्रिन यांचे संयुक्त औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश दिला. गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येक सहायकाला हे माहीत असले पाहिजे.

त्याच गल्ल्यावरची आणखी एक गोष्ट. आकुंचक थेंब पाच दिवसांहून अधिक चालू राहिले की औषध उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, रुग्ण पुन्हा थेंब घालतो आणि महिनोन्महिने बाटलीचा गुलाम होतो. तिसऱ्यांदा तीच बाटली मागणाऱ्यास थांबवून विचारणे हे औषध विक्रेत्याच्याच हाती आहे, कारण वैद्यापर्यंत तो पोहोचतच नाही. सुटका करण्यासाठी आम्ही प्रथम एका नाकपुडीचे थेंब बंद करतो. आठ-दहा दिवसांत ती बाजू सावरली की दुसरीचे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये, हेही सांगावे. एक-दोन मिलिलिटर पोटात गेले तरी लहान मुलास गुंगी येऊन नाडी व श्वास मंदावू शकतात.

स्नेहनस्याच्याही मर्यादा आहेत. नवप्रतिश्यायात नस्य वर्ज्य सांगितले आहे, तरी सर्दी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अणुतैल सुचविले जाते. स्राव पक्व होऊ द्यावा. सात वर्षांखालील बालकास व ऐंशीच्या पुढील वृद्धास मर्श नस्य नको, हेही वाग्भटांनी सांगून ठेवले आहे. त्यांना अनुमत असलेला प्रतिमर्शही अल्प मात्रेचाच. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल-तूप ओतण्याची चाल अजून काही घरांत आहे. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

आता त्या शिक्षकांचे. त्यांचे थेंब आम्ही एकेका नाकपुडीने सोडविले, रक्तदाब जास्त आढळल्याने सर्दीच्या गोळ्या बंद केल्या, नेती व योग्य स्थितीतील नस्य शिकविले. तीन आठवड्यांत डावी बाजू पूर्ण स्वच्छ झाली. उजवी झाली नाही. शिवाय त्या बाजूच्या स्रावास दुर्गंधी असल्याचे त्यांनी आता सांगितले. पूर्वी आम्ही विचारले नव्हते. एकाच बाजूचा दुर्गंधित स्राव म्हटल्यावर वरच्या दाढांकडे पाहणे भाग होते, कारण त्यांची मुळे सायनसच्या तळाला लागून असतात. दोन वर्षांपूर्वी सिमेंट भरलेली वरची दाढ ठोकून पाहता दुखली. दंतवैद्यांनी काढलेल्या चित्रात तिच्या मुळाशी पू दिसला. दाढेची चिकित्सा झाल्यावर दीड महिन्यात गालाचा जडपणा गेला. त्यांच्या नव्या कागदावर आम्ही अणुतैलापुढे नस्याची रीत चार ओळींत लिहिली आहे, आणि 'दात' हा शब्द आमच्या प्रतिश्यायाच्या तपासणीपत्रकात तेव्हापासून छापला जातो.